संपादकच नव्हे, चालकसुद्धा

मराठीत बायकांनी मासिकं संपादित केली, पण पैशाची बाजू पुरुषांनीच सांभाळली, असं म्हटलं जातं. बऱ्याच अंशी खरं. पण मग विद्या बाळ? किर्लोस्करांच्या 'स्त्री' मासिकात त्या १९६४ पासून होत्या, १९८३ ते ८६ संपादक. तिथे पाठीशी मोठी प्रकाशनसंस्था होती. ऑगस्ट १९८९ मध्ये पुण्यात त्यांनी स्त्री-पुरुष समतेचं स्वतःचं मासिक 'मिळून साऱ्याजणी' काढलं तेव्हा वय ५२. त्या वयात लोक पेन्शनचा हिशेब मांडतात.

मासिकाचा धंदा भारी चिकट. वर्गणी आधीच घेतलेली असते, मग कागद मध्येच महागला तरी बारा अंक घरपोच द्यायचेच. अंक पोस्टात गहाळ झाला की दुसरा पाठवा, वर्गणी संपली की आठवणीचं कार्ड टाका. बरं, जाहिरातदारांना विकायचे असतात दागिने नि पैठण्या. समतेची भाषा करणाऱ्या मासिकाकडे ते कशाला फिरकतील?

जानेवारी २०२० मध्ये विद्याताई गेल्या तेव्हा मासिकाने तिशी ओलांडली होती, आणि संपादनाची सूत्रं गीताली वि. मं. यांच्याकडे आधीच गेली होती. संस्थापकाबरोबरच आटोपलेली मराठी मासिकं काय कमी आहेत? मला तर विद्याताईंच्या लिखाणापेक्षाही हे हस्तांतर मोठं वाटतं.