पाच दिवसांत दोन विरोधी पक्षनेते घरी: उजव्यांनी आता तरी ट्रम्पची कॉपी बंद करावी का?

जुनं_खोड:
आधीच सांगतो, मी उजवा आहे, त्यामुळे 'बघा उजवे कसे आपटले' म्हणून पेढे वाटायला हा धागा काढलेला नाही. घरातच आग लागलीय म्हणून ओरडतोय.

२८ एप्रिल २०२५ ला कॅनडा, काल ३ मेला ऑस्ट्रेलिया. दोन्हीकडे उजवा पक्ष हरला, आणि दोन्हीकडे विरोधी पक्षनेत्याला स्वतःची सीटही राखता आली नाही. कॅनडाच्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाचा नेता पॉलिएव २००४ पासून खासदार, ओटावाच्या शेजारची सीट, गेली. ऑस्ट्रेलियाचा डटन २००१ पासून ब्रिस्बेनजवळच्या डिक्सनमधून निवडून यायचा, तोही गेला. (ऑस्ट्रेलियात 'लिबरल' म्हणजे उजवे आणि कॅनडात 'लिबरल' म्हणजे डावीकडचे, बातम्या वाचताना घोळ घालू नका, मी काल सकाळी घातला.)

जानेवारीत पॉलिएव पोलमध्ये वीसेक टक्के पुढे होता हो! पंतप्रधान ट्रूडोला लोक विटले होते, फक्त निवडणूक लागायची बाकी होती. मग ६ जानेवारीला ट्रूडोने जातो म्हणून सांगितलं, तिकडे ट्रम्पने कॅनडा म्हणजे अमेरिकेचं '५१ वं राज्य' हे लावून धरलं, मार्चमध्ये कॅनडाच्या मालावर २५ टक्के टॅरिफ (आयात कर), आणि ट्रूडोच्या जागी आलेल्या कार्नीने पंतप्रधान झाल्या दिवशीच सामान्य लोकांवरचा कार्बन टॅक्स (इंधनावरचा कर) शून्यावर आणला. पॉलिएवची दोन वर्षांची सगळी घोषणाबाजी त्या टॅक्सच्या विरोधावर उभी होती, एका सहीत हवा गेली.

माझा मुद्दा एवढाच की टॅरिफ हाही टॅक्सच, आणि तो भरतो गिऱ्हाईक. शेजारी, करार, दिलेला शब्द या गोष्टी जमायला पिढ्या लागतात, त्या उगाच मोडू नयेत म्हणून तर आपण स्वतःला परंपरावादी म्हणवतो ना? कॅनडा-मेक्सिकोबरोबरच्या व्यापार करारावर २०१८ मध्ये सही याच ट्रम्पची होती. स्वतःची सही न पाळणारा माणूस आपला आदर्श कसा काय?

रोखठोक_रावसाहेब:
खोडसाहेब, अर्धाच पेपर वाचलात. पॉलिएवला ४१ टक्के मतं पडलीत, कॅनडात उजव्यांना १९८८ नंतर एवढी कधीच नव्हती. हरला कारण तिकडची डावी एनडीपी भुईसपाट झाली, ७ सीटवर आली आणि त्यांची मतं गठ्ठ्याने कार्नीकडे गेली. ते पाच दिवस मोजताय ना, मग त्यातलाच १ मे पण मोजा. इंग्लंडमध्ये फराजच्या उजव्या रिफॉर्म पक्षाने लोकल निवडणुकीत ६७७ जागा मारल्या आणि रनकॉर्नची पोटनिवडणूक ६ मतांनी का होईना सत्ताधारी लेबर पक्षाकडून हिसकावली. फराज ट्रम्पचा जुना दोस्त आहे बरं का, तोंड लपवून नाही फिरत. डटन आपटला तो कॉपी केली म्हणून नाही, अर्धवट केली म्हणून. सरकारी लोकांचं वर्क फ्रॉम होम बंद करणार म्हणाला, बायका चिडल्या, लगेच माफी. असल्याला कोण मत देणार?

लालमिरची:
😂 म्हणजे जिंकले तर ट्रम्पमुळे आणि हरले तर ट्रम्प कमी पडला म्हणून. छान आहे हे.
आणि खोडकाका, तुमचं पण तेच, फक्त सभ्य भाषेत. उजवा हरला की तो 'खरा' उजवा नव्हताच. २०२२ ला ब्रिटनची पंतप्रधान म्हणून लिझ ट्रस आली तेव्हा किती आनंद झाला होता तुमच्या कंपूला, ४५ अब्ज पौंडांची करकपात, पैसे कुठून आणणार त्याचा पत्ता नाही, ४९ दिवसांत बाई घरी. तेव्हाही 'ही आमची नव्हेच'.

जुनं_खोड:
मिरचीताई, ट्रसचं मान्य, मी पण तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या, नाकारत नाही. पण उधारीवर करकपात हा उजवा विचार नव्हे, आपल्या आज्यांना विचारा. डटनचंही तेच, सरकारच्या पैशाने ७ ठिकाणी अणुवीज केंद्रं काढणार होता आणि वर ४१ हजार सरकारी नोकऱ्या कमी करून काटकसर दाखवणार होता. एका हाताने कात्री आणि दुसऱ्याने फावडं!

रावसाहेब, फराजचा मुद्दा वजनदार आहे. पण तिथे ट्रम्पने इंग्लंडला ५१ वं राज्य म्हटलेलं नाही, म्हणून ती दोस्ती खपते. कॅनडात खपली नसती.

रोखठोक_रावसाहेब:
ऑस्ट्रेलियाला तरी कुठे म्हटलं होतं? तिथे टॅरिफ १० टक्के, कॅनडापेक्षा कितीतरी कमी. तरी डटन गेलाच. मग ट्रम्पचा काय संबंध?

जुनं_खोड:
संबंध असा की डटनच्याच पक्षाच्या बाजूची एक खासदार भर प्रचारात 'मेक ऑस्ट्रेलिया ग्रेट अगेन' बोलून गेली, मग पुढे डटन काहीही बोलला तरी लोकांना तेच ऐकू येणार. त्यात तिथे मतदान सक्तीचं, न केलं तर दंड. म्हणजे फक्त आपले तापलेले लोक बाहेर काढून भागत नाही, कुंपणावरचा माणूसही येतो, आणि त्याला तमाशा नको असतो.

मिसिसागाची_मावशी:
मी इथे कॅनडात २२ वर्षं राहते म्हणून बोलते, तुम्ही सगळे तिकडून आकडे मांडताय. मार्चमध्ये आमच्या ऑन्टारियो प्रांताच्या सरकारी दारूच्या दुकानांतून अमेरिकन बाटल्या काढून टाकल्या, आमचे शेजारी दरवर्षी फ्लोरिडाला जातात त्यांनी बुकिंग रद्द केलं, दुकानात लोक डबा उलटा करून कुठे बनलाय ते वाचायला लागले. असलं मी इथे कधी पाहिलं नव्हतं. मी आत्तापर्यंत दोनदा काँझर्व्हेटिव्हला मत दिलंय, या वेळी नाही दिलं. पॉलिएव ट्रम्पवर चिडला पण उशिरा, आणि चिडल्यासारखा वाटला नाही.
पण रावसाहेब म्हणतात तेही खोटं नाही, टोरंटोच्या आसपास काँझर्व्हेटिव्हांनी काही सीटा लिबरलांकडून खेचल्यात. गाड्यांच्या चोऱ्या आणि घरांच्या किमती, या दोन गोष्टींनी लोक इतके पिचलेत ना. माझ्या मुलाने पॉलिएवलाच दिलं. ३१ वर्षांचा आहे, चांगली नोकरी, अजून आमच्या बेसमेंटमध्ये राहतो.

लालमिरची:
मावशी, मग घरात भांडण झालं असेल 😄

मिसिसागाची_मावशी:
झालं ना. मी म्हटलं अरे देशाचा प्रश्न आहे, तर म्हणतो आई, ट्रम्प चार वर्षांत जाईल, घराच्या किमती जाणारेत का? मी गप्प बसले, उठून पोळ्या करायला लागले.

रोखठोक_रावसाहेब:
मुलाला माझा नमस्कार सांगा.

जुनं_खोड:
माझाही सांगा. आणि त्याला एवढंच विचारा की पॉलिएवसाठी आता अल्बर्टा प्रांतातला त्याच्याच पक्षाचा खासदार राजीनामा देऊन सीट मोकळी करतोय, त्यावर त्याचं काय मत.

मिसिसागाची_मावशी:
विचारलं. म्हणतो त्याला मिळाली सीट, मला कधी मिळणार घर.