नडगी दुखत असताना मुलीला डिस्ट्रिक्टला उतरू द्यावं का? ती हान्यूचं उदाहरण देते

कर्वेनगरची आई

मुलगी तेरा वर्षांची आहे. आर्टिस्टिक स्केटिंग करते, क्वाड्सवर, म्हणजे चार चाकांच्या स्केट्सवर. गणपतीनंतर डिस्ट्रिक्ट आहे आणि त्यातूनच स्टेटची निवड होणार. गेले काही आठवडे तिच्या उजव्या नडगीत, आतल्या बाजूला दुखतंय. आधी फक्त प्रॅक्टिस झाल्यावर दुखायचं. आता जिना उतरताना दुखतं, आणि परवा रात्री त्या दुखण्याने ती झोपेतून उठली. बर्फाने शेकतो, टेप लावतो. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. सर म्हणतात, शिन पेन सगळ्यांनाच होतं, स्पर्धा होऊ दे, मग सुट्टी घे.

तिच्या टेबलासमोर युझुरु हान्यूचा, जपानच्या फिगर स्केटरचा, फोटो आहे, शांघायमधला, डोक्याला पट्टी बांधलेला. मी थांब म्हटलं की ती त्या फोटोकडे बोट दाखवते. "तो रक्त येत असताना उतरला, आई. मला नुसतं दुखतंय." यावर मला उत्तर सुचत नाही. तिची जिद्द मोडायची नाहीये, पण त्या रात्रीपासून मला भीती वाटते आहे. ज्यांना या खेळातलं कळतं त्यांनी कृपया सांगा.

औंधकर

ताई, माझा मुलगा स्पीड स्केटिंग करतो, त्यामुळे तुमची घालमेल समजते. माझं मत थोडं वेगळं आहे. स्टेटची निवड वर्षातून एकदाच होते. दहावीच्या क्रीडागुणांचाही विचार घरात असतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फिजिओकडून नीट टेपिंग करून घ्या, सरांना सांगून प्रोग्रॅम सोपा करा, डबलच्या (दोन फेऱ्यांच्या उडीच्या) जागी सिंगल ठेवा. स्पर्धा पार पडली की महिनाभर पूर्ण विश्रांती. इतकी वर्षं पहाटे उठून रिंक गाठणाऱ्या पोरीला ऐनवेळी घरी बसवलं तर तिचं मन किती खचेल, तेही बघायला हवं.

जुनी स्केटर

कर्वेनगरची आई, मी शाळा-कॉलेजभर क्वाड्सवर आर्टिस्टिक केलं, आता लहान मुलांना शिकवते. हान्यूची तर प्रत्येक स्पर्धा पाहिली आहे, काही कितीदा तरी. म्हणून त्या फोटोपासूनच सुरुवात करते.

तो फोटो 8 नोव्हेंबर 2014 चा, कप ऑफ चायना. फ्री स्केटच्या, म्हणजे दुसऱ्या, लांब प्रोग्रॅमच्या आधीच्या सहा मिनिटांच्या वॉर्म-अपमध्ये हान्यू आणि चीनचा यान हान वेगात एकमेकांवर आदळले. हान्यू बराच वेळ बर्फावर पडून होता. डोक्याला पट्टी आणि हनुवटीला चिकटपट्टी लावून तो परत आला, पाच वेळा पडला आणि दुसरा आला. लोक टाळ्या वाजवत होते. मला तेव्हा बघवलं नव्हतं आणि आजही तो व्हिडिओ मी मुलांना दाखवत नाही. डोक्याला मार लागल्यावर माणूस ठीक आहे की नाही हे त्याचं त्यालाच कळत नाही, आणि पाचपैकी एखाद्या पडण्यात डोकं पुन्हा आपटलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मनातून जात नाही. तो वाचला, एवढंच त्या फोटोतून सिद्ध होतं.

आता तुमच्या मुलीला पुढची गोष्ट सांगा. तिच्या भिंतीवर ती नाही, कारण तिचा फोटो निघत नाही.

नोव्हेंबर 2017 मध्ये, ओसाकात एनएचके ट्रॉफीच्या सरावात, क्वाड लुट्झवरून (ही क्वाड म्हणजे हवेत चार फेऱ्यांची उडी) पडून हान्यूच्या उजव्या घोट्याचं लिगामेंट दुखावलं. ऑलिंपिक तीन महिन्यांवर होतं. त्याने एनएचके सोडली. डिसेंबरमधली ग्रां प्री फायनल त्याच्याच देशात, नागोयात होती, तीही सोडली. जपानची राष्ट्रीय स्पर्धा सोडली. जवळजवळ दोन महिने तो बर्फावर उतरलाच नाही. जगातला सगळ्यात चांगला स्केटर, समोर ऑलिंपिक, आणि तो बूट न घालता बसून होता! ते किती अवघड गेलं असेल याची कल्पना स्केटिंग करणाऱ्या मुलीला बरोबर येईल. आणि परतला तेव्हा त्या मोसमातल्या सगळ्या उड्या त्याने परत आणल्या नाहीत. क्वाड लुट्झ नाही, क्वाड लूपसुद्धा नाही. क्वाड सॅलकाव आणि क्वाड टो-लूप, ज्या त्याच्या अंगात मुरलेल्या होत्या, तेवढ्याच ठेवल्या. 17 फेब्रुवारी 2018 ला प्याँगचांगमध्ये एकूण 317.85 गुण मिळवून त्याने सुवर्ण घेतलं. पुरुषांत सलग दोन ऑलिंपिक सुवर्णं त्याआधी अमेरिकेच्या डिक बटनने जिंकली होती, 1948 आणि 1952 ला. आणि हे झाल्यावर, मार्चमधल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला हान्यू गेला नाही. घोटा बरा झालेला नव्हता.

म्हणजे ते पदक न खेळलेल्या स्पर्धांनी मिळवून दिलं आहे. तुमच्या मुलीला आदर्श बदलायला सांगू नका. त्याच माणसाचा हा हिवाळा दाखवा.

ती हुशार दिसते, तेव्हा बीजिंग ऑलिंपिकचा विषय काढेल. 2022 च्या फ्री स्केटच्या आदल्या दिवशी सरावात त्याचा तोच उजवा घोटा मुरगळला. वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो उतरला, क्वाड अॅक्सलचा प्रयत्न केला, पडला आणि चौथा आला. त्यावर मी कधीच वाईट बोलणार नाही. तो 27 वर्षांचा होता, दोन सुवर्णं गाठीशी होती, ती एक उडी मारणं हेच त्याचं ध्येय उरलं होतं, आणि आपण काय पणाला लावतो आहोत हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने स्पर्धात्मक स्केटिंग थांबवलं. तेरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत असा सौदा कुणीच करू शकत नाही. तिनेही नाही, सरांनीही नाही, तुम्हीही नाही. तिची हाडं अजून वाढताहेत.

उजवा पाय म्हणालात म्हणून आणखी एक. डावीकडे गोल फिरणारे स्केटर उजव्या पायावर उतरतात. हान्यूचा घोटा उजवाच का, तर तो उतरण्याचा पाय. तुमची मुलगीही तशीच फिरत असेल तर प्रत्येक उडीचा भार, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट, त्या एकाच नडगीवर येतोय. वर क्वाड्सचं वजन, आणि खाली आपल्या रिंकची सिमेंटची फरशी, जी काहीही सोसून घेत नाही. म्हणून औंधकर, तुमच्या कळकळीचा आदर ठेवून सांगते, डबलच्या जागी सिंगल ठेवल्याने भार कमी होतो, संपत नाही. आणि डिस्ट्रिक्टपर्यंत रोज त्या सिंगलचा सराव चालूच राहणार. टेपने तर नुसती कळ झाकली जाते.

फिजिओ, एरंडवणे

वरच्या ताईंशी सहमत. फक्त वैद्यकीय बाजू जोडतो. रात्री झोपेतून उठवणारी, चालतानाही होणारी वेदना हे साध्या शिन पेनचं लक्षण समजून सोडून देऊ नये. नडगीवरून बोट फिरवून बघा. दुखणं लांबलचक पट्ट्यात आहे, की बोटाएवढ्या एकाच जागी जीव जातो? एकाच जागी असेल तर हाडाला बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर असण्याची शक्यता धरावी लागते. त्या पायावर उड्या मारून बघायला सांगू नका.

सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये हे बहुधा दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल" यावर निर्धास्त राहू नका. ऑर्थोपेडिकना दाखवून एमआरआयबद्दल विचारा. तोपर्यंत उड्या बंद, आणि चालताना दुखत असेल तर चालणंही कमी. नडगीची साधी चीर सहसा सहा ते आठ आठवड्यांत भरते. तशीच रेटली तर ती वाढू शकते, हाड पूर्ण मोडूही शकतं, आणि मग प्रश्न महिन्यांचा होतो. आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा: तिची पाळी सुरू झाली आहे का आणि नियमित आहे का, आणि ती वजनासाठी कमी खाते का. या वयाच्या स्केटर मुलींमध्ये हाडं कमकुवत होण्याचं मूळ बरेचदा तिथेच सापडतं. व्हिटॅमिन डीसुद्धा तपासून घ्या.

कर्वेनगरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बोट फिरवून बघितलं. एकाच जागी आहे. हात लावताच तिने पाय ओढून घेतला. उद्याची ऑर्थोपेडिकची वेळ घेतली आहे. हान्यूचं सगळं तिला वाचून दाखवलं. नागोयाची फायनल त्याने सोडली हे तिला माहीत होतं, पण ती म्हणाली की याचा असा विचार कधी केला नव्हता. मग रडली. आता दोन प्रश्न. सरांना कसं सांगू? ते वाईट नाहीत, मुलीवर त्यांनी खूप मेहनत घेतली आहे. आणि इतके आठवडे ती करणार काय?

औंधकर

एकाच जागी दुखतंय म्हणता, तर माझा सल्ला मागे घेतो. आधी डॉक्टर.

जुनी स्केटर

सरांना फोनवर सांगू नका. रिपोर्ट हातात आला की प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी जाऊन भेटा, तिलाही बरोबर न्या. "थांबवतोय" यापेक्षा "पुढच्या मोसमासाठी तुम्ही प्लॅन करून द्या" असं म्हणा. मेहनत घेणाऱ्या शिक्षकाला हातात काहीतरी काम लागतं. त्यांना 2014 च्या सोचीमधला रशियाचा स्केटर प्लुशेंको आठवत असेल. पाठीच्या शस्त्रक्रिया झालेल्या, आणि शॉर्ट प्रोग्रॅमच्या (पहिल्या, छोट्या फेरीच्या) वॉर्म-अपमध्ये कळ आली तेव्हा घरच्या प्रेक्षकांसमोर, स्वतःच्या देशातल्या ऑलिंपिकमध्ये, तो रेफरीकडे गेला आणि माघार घेतली. तेव्हा त्याच्यावर पुष्कळ टीका झाली. मला ते शांघायहून जास्त धाडसाचं वाटलं होतं.

ती काय करणार? डॉक्टर हो म्हणाले तर पोहणं, पोटाचे-पाठीचे व्यायाम, आणि हात. आपल्याकडच्या आर्टिस्टिकच्या मुली उड्यांमागे लागतात आणि हात तसेच लोंबत राहतात. खुर्चीवर बसून, संगीत लावून पूर्ण प्रोग्रॅम हातांनी, मानेने आणि नजरेने करायला लावा. रोज. प्याँगचांगचा शॉर्ट प्रोग्रॅम लावून द्या, शोपँचा पियानो आहे, आणि उड्या सोडून फक्त त्याच्या खांद्यांकडे बघायला सांगा.

परत उतरायच्या आधी बूट मात्र तपासा. या वयात पाय झपाट्याने वाढतो. टाच आत हलत असेल किंवा घोट्याशी चामडं मऊ पडलं असेल तर उतरताना सगळा झटका नडगीत जातो. चाकंही बघा, खडबडीत सिमेंटवर फार कडक चाकं असतील तर बदलून घ्या. बूट कोणते आहेत आणि केव्हा घेतले ते इथे लिहा, चाकांवर छापलेला आकडाही लिहा, मी बघून सांगते.