लिलावाचं डच चित्र: पान मूळ की नवं, माणसं खरी की काढलेली?

जुना_कागद:
जुन्या गोव्यातल्या रुआ दिरैता या रस्त्यावरच्या लिलावाचं, डच प्रवासी लिन्सखोतेनच्या १५९६च्या पुस्तकातलं चित्र चौकटीसकट विकायला आलंय. १५९६चं पान कशावरून ओळखायचं? आणि त्यातली माणसं गोव्यातली मानायची का?

भिंग१०:
काच काढल्याशिवाय बोलणी करू नका. दहापट भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली की ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रछपाई; विषय संपला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली रेघ सलग असते, उजेड आडवा पाडला की शाई किंचित उठलेली दिसते. मग कागद दिव्यासमोर धरा. बारीक समांतर रेषा आणि त्यांना काटकोनात, साधारण अडीच सेंटिमीटरवर, ठळक रेषा हव्यात. बिनरेषांचा कागद युरोपात १७५०नंतरचा, म्हणजे १५९६ बाद. चित्र जोडपानी आहे, मधोमध घडी हवीच. पत्र्याच्या दाबाची कड मात्र खोटीही उमटवतात. रंग बघून तर मुळीच हुरळू नका, तो नंतर कुणीही भरतो.

रायबंदर:
लिन्सखोतेन १५८३ ते १५८८ गोव्यात, आर्चबिशपच्या पदरी कारकून. रेखाटनं त्याची, पण तांब्यावर कोरली व्हान दुतेकम यांनी, हॉलंडात बसून. म्हणून दंड-पोटऱ्या युरोपियन पुतळ्यांच्या. छत्र्या, पालख्या, पेहराव यांवर जास्त भरवसा ठेवा, अंगलटीवर कमी. डच चित्रकार यान लौकेनने १६९४मध्ये शंभर धंदे काढले, त्यांतली हत्यारं त्याच्या गावात रोज दिसणारी होती. इथे ती बारकाई मागू नका. शिवाय छाप उलटा उमटतो, त्यामुळे कोण डावखुरा यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पुस्तकातला मजकूर जोडीला वाचाच. लिलाव सकाळी ७ ते ९, रविवार आणि सण सोडून रोज. पुढे ऊन सोसवत नसे. दवंडीवाले विकायच्या सोनसाखळ्या, मोती, अंगठ्या स्वतःच्याच अंगावर लटकवून फिरत. गुलामही तिथेच विकले जात. आपला 'लिलाव' शब्द पोर्तुगीज 'लेलांव'वरूनच आला.

जुना_कागद:
घडी आहे, ठळक रेषाही आहेत. अक्षरं लॅटिन आणि डच.

भिंग१०:
मग आशा आहे. फक्त प्रकाशक द ब्री बंधूंनी फ्रँकफर्टमध्ये या चित्रांच्या स्वतःच्या नकला काढल्या होत्या, लॅटिन आवृत्ती १५९९ची. त्याही जुन्या कागदावरच. खात्रीच्या प्रतीच्या फोटोशी एकेक आकृती ताडून बघा. घेतलंत तर काच आणि कागद यांत आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट घाला. कागद काचेला टेकून राहिला तर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरेल. मागे सेलोटेप असेल तर ओढू नका, कागदाचा पापुद्रा निघतो.