विनमेल.डॅट: फाइल खराब झालेली नसते

सातपूरहून आउटलुक या मेल प्रोग्रामने पाठवलेलं पीडीएफ कोटेशन थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्राममध्ये 'विनमेल.डॅट' नावाची फाइल होऊन आलं, म्हणजे पीडीएफ वाटेत खराब झाली, असं एकाने म्हटलंय; ते पटत नाही. मेल रिच टेक्स्ट या आउटलुकच्या स्वतःच्या प्रकारात गेला की आउटलुक सजावट आणि जोडलेली फाइल दोन्ही टीएनईएफ नावाच्या गाठोड्यात बांधतं, आणि ती गाठ बऱ्याच प्रोग्रामना सुटत नाही. झिप करूनही उपयोग नाही, तीही गाठोड्यातच जाते.

पाठवणाऱ्याने आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल इथे मेलचा प्रकार म्हणून एचटीएमएल (हा बहुतेक मेल प्रोग्रामना कळतो) निवडायचं. त्याच पानावर खाली रिच टेक्स्ट इंटरनेटवर पाठवताना काय करायचं ते विचारलंय, तिथेही एचटीएमएलच. तरी एकाच पत्त्याला त्रास होत असेल तर त्या पत्त्यालाच जुनी सेटिंग चिकटलेली असते (हे हमखास राहून जातं). 'टू'मध्ये आपोआप सुचणारी नोंद फुली मारून काढा आणि पत्ता पुन्हा हाताने टाइप करा.