हाइन्झची कोंडी: मुली तिसऱ्या अवस्थेत, मुलं चौथ्या?

बोरूबहाद्दर: एम.ए. मानसशास्त्राचा लघुप्रबंध आहे. नववीच्या ४० मुली, ४० मुलगे. नैतिक विकासाच्या अवस्था मांडणाऱ्या कोहलबर्गची हाइन्झची गोष्ट (बायको मरणपंथाला, औषध परवडत नाही, चोरावं का?) सांगून मुलाखती घ्यायच्या. परिकल्पना: मुली तिसऱ्या अवस्थेत (नाती जपणं, इतरांच्या नजरेत चांगलं असणं), मुलं चौथ्या (कायदा आणि समाजव्यवस्था पाळणं). मानसशास्त्रज्ञ गिलिगनबाईंचा आधार चालेल ना?

खडूफळा: नाही चालणार, बाई तर नेमकं उलट म्हणतात. कोहलबर्गच्या १९५८च्या प्रबंधात सगळे मुलगेच होते. त्या मापाने नाती जपणारं उत्तर तिसऱ्या अवस्थेत पडतं, तेव्हा दोष मापाचा, हा गिलिगन यांचा १९८२चा आक्षेप. मुलींचा विकास कमी होतो असं त्या कुठेच म्हणत नाहीत.

शिवाय वॉकरने १९८४मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तर बहुतेकांत फरकच नव्हता. जिथे स्त्रिया मागे दिसल्या तिथे बऱ्याचदा पुरुषांचं शिक्षण आणि हुद्दा वरचा होता. थोमाच्या १९८६च्या आढाव्यात, रेस्टच्या नैतिक विचार मोजणाऱ्या लेखी चाचणीवर, स्त्रिया किंचित पुढेच. शिक्षणाचा प्रभाव मात्र लिंगापेक्षा कितीतरी पट मोठा. मार्गदर्शक पहिला प्रश्न यावरच विचारतील.

सरासरीची_सून: आकडेही बघा. जाफी आणि हाइड, २०००, ११३ अभ्यास: काळजीच्या भाषेत (नाती, दुसऱ्याची गरज) मुली पुढे, कोहेनचा डी (सरासरींमधला फरक, प्रमाण विचलनाच्या मापात) ०.२८, न्यायाच्या भाषेत (हक्क, नियम) मुलगे पुढे, ०.१९. ०.२८ म्हणजे कोणतीही एक मुलगी आणि एक मुलगा घेतला तर मुलीचा गुण जास्त असण्याची शक्यता ५८ टक्के. नाणेफेकीपेक्षा जरा बरं, इतकंच. एवढा फरक पकडायला (८० टक्के शक्ती, म्हणजे खरा फरक सापडण्याची शक्यता; ०.०५ पातळी, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के) गटागणिक साधारण २०० मुलं लागतील. ४०-४० मध्ये ०.६३च्या खालचं काही हाती लागणं कठीण. मग "फरक नाही" असं लिहाल, आणि तेही सिद्ध झालेलं नसेल.

बोरूबहाद्दर: २०० कुठून आणू? शाळा एकच आहे.

खडूफळा: मग प्रश्नच बदला. प्रत्येकाला दोन कोंड्या द्या: एक नात्यातली (मैत्रिणीने वा मित्राने केलेली कॉपी सांगावी का), एक परकी (हाइन्झ). निम्म्यांना आधी ही, निम्म्यांना आधी ती. तुलना त्याच मुलाच्या दोन उत्तरांची, म्हणून ८० जणांत ०.३च्या आसपासचा फरकही सापडतो. कोंडी स्वतः निवडू देऊ नका. मुली नात्यातल्या जास्त निवडतात आणि काळजीची भाषा त्या विषयातूनच येते. ती लिंगाच्या खात्यावर मांडली की सगळं फसतं.

"चोरावं" की "नको" याला गुण नाहीत, गुण कारणाला. म्हणून प्रत्येक उत्तरावर "का?", आणि हाइन्झमध्ये "बायकोऐवजी अनोळखी माणूस असता तर?" हे विचाराच.

सरासरीची_सून: गुणांकन दोघांनी स्वतंत्रपणे करा, मूल मुलगा की मुलगी हे न कळता. मराठीत नुसतं नाव खोडून भागत नाही. "मी सांगितलं असतं" चालतं, पण "मी गेले असते", "मी घाबरलो असतो" यात क्रियापदच चुगली करतं. टंकलेखन करतानाच सगळी क्रियापदं एका साच्यात आणा, मूळ प्रत वेगळी ठेवा.

आणि मिलर-बेरसॉफचा १९९२चा म्हैसूर आणि अमेरिकेतल्या न्यू हेवनचा अभ्यास वाचा. न्याय आणि नात्यातलं कर्तव्य यांची टक्कर झाली की म्हैसूरकर अमेरिकनांपेक्षा कर्तव्याकडे जास्त झुकले. तुमच्या वर्गातले मुलगेही नात्याचीच भाषा बोलले तर गुणांकन चुकलं समजून पुन्हा करत बसू नका.