मदत हवी आहे : निराधारचं अनुदान घेणारी विधवा मावशी अपंग पेन्शनर मामांकडे कायमची राहायला आली, तर तिचं अनुदान आणि रेशन बंद होईल का? (कोल्हापूर)

करवीरकन्या

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या आजोळचा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण नातेवाइकांपैकी प्रत्येकजण छातीठोकपणे वेगळंच सांगतोय.

मामा ७१ वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले. शुगरमुळे त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सीपीआरमधून (इथल्या सरकारी दवाखान्यातून) अपंगत्वाचा दाखला मिळालाय, यूडीआयडी म्हणजे अपंगांचं ओळखपत्रही आलंय, त्यावर ७० टक्के लिहिलंय. मामी गेल्यापासून मंगळवार पेठेतल्या घरात एकटेच आहेत. मुलगा पुण्यात नोकरीला. जयपूर फूट घालून घरात फिरतात, पण न्हाणीचा उंबरा ओलांडताना कुणीतरी हात द्यावा लागतो. पगारी बाई ठेवून पाहिली, टिकत नाही. पेन्शन तीस हजारांच्या आसपास.

मावशी, म्हणजे मामांची धाकटी बहीण, ५६ वर्षांची. विधवा, मूलबाळ नाही. कागल तालुक्यात मुरगूडजवळच्या एका गावात भाड्याच्या खोलीत राहते. पूर्वी शेतावर मजुरीला जायची, आता गुडघ्यांमुळे जमत नाही. तिला निराधारचे महिन्याला १५०० येतात आणि पिवळं रेशन कार्ड आहे, त्यावर तिचं एकटीचंच नाव.

तिनं मामांकडे येऊन राहावं असं सगळ्यांनाच वाटतं. दोघांचं एकमेकांशी पटतंही. अडलंय ते या १५०० वर. मामा म्हणतात, "मी आहे की, तुला काय कमी पडणार आहे?" मावशीचं म्हणणं, "पंधराशे का असंनात, माझं हायत. भावाकडं गोळ्यांना पैसं मागायची येळ येऊ नये." मला तिचं शंभर टक्के पटतं. नवरा गेल्यापासून तिच्या नावावर दर महिन्याला येणारी ही एकच रक्कम आहे. पासबुक, रेशन कार्ड आणि काकांचा मृत्यूचा दाखला ती एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत तळाशी ठेवते. ते पैसे घालवून तिला इथं आणायचं माझ्या मनाला पटत नाही.

आता प्रश्न. निराधारला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. ती मामांच्या घरात आली की मामांची पेन्शन तिच्या उत्पन्नात धरणार का? तालुका बदलला की नवा अर्ज करायचा की फाइल इकडे येते? रेशन कार्डाचं काय? आणि बहीण सोबत राहते म्हणून मामांच्या पेन्शनला काही धक्का लागतो का?

एक विनंती. "पत्ता बदलूच नका, कोण बघतंय" हा सल्ला आम्हाला मिळून झालाय. मावशीला खोटं लिहून द्यायचं नाही आणि मलाही तिला त्यात पाडायचं नाही.

---

पंचगंगाकाठ

ताई, आधी एक गोष्ट बघून सांगा. आपण सगळ्यालाच "निराधार" म्हणतो, पण मावशींचं अनुदान नेमकं कुठल्या योजनेतलं आहे? संजय गांधी निराधारमध्ये येण्याचे रस्ते दोन. एक तर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, नाहीतर कुटुंबाचं उत्पन्न २१,००० च्या आत. त्यातही दारिद्र्यरेषेखालच्या ४० ते ७९ वयाच्या विधवांना इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा योजनेत धरतात. त्यात केंद्राचे ३०० आणि उरलेले राज्याचे. हातात येणारी रक्कम तीच असते, त्यामुळे घेणाऱ्याला फरक कळतच नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यावर फिरतं. नाव यादीतलं असेल तर पात्रता त्या यादीवर उभी आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावर मंजुरी झाली असेल तर तुमची भीती खरी ठरू शकते, कारण दाखला नव्यानं काढायची वेळ आली की तलाठी विचारणारच, घरात कमावतं कोण.

मंजुरीचं पत्र शोधा. नसेल तर तहसीलमध्ये संजय गांधी शाखेत आधार नंबर सांगितला की योजनेचं नाव कळतं.

---

निवृत्त मास्तर, शिरोळ

मामांच्या बाजूचं मी सांगतो, मीही जिल्हा परिषदेचाच. पेन्शन ही त्यांच्या नोकरीची आहे, घरात कोण राहतं याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. बहीण येऊ दे, भाचा येऊ दे, एक रुपया कमी होत नाही. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला तेवढा चुकवू नका. तो घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो का ते पेन्शनच्या कचेरीत विचारून घ्या, म्हणजे एका पायानं तिथं जायला नको.

पण दुसरी बाजूही ऐका. मामांच्या पश्चात कुटुंब निवृत्तीवेतन बहिणीला मिळत नाही. सख्खी असो, विधवा असो, दहा वर्षं सेवा केलेली असो. म्हणून मावशींच्या नावचे १५०० सोडून देऊ नका. मामा आहेत तोवर घर चालेल, नंतर त्यांच्या हातात तेवढंच राहील.

सत्तरी पार केलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं, त्याला उत्पन्नाची अट नाही. मामांचं काढलं नसेल तर काढून घ्या. आणि एसटीत ६५ टक्क्यांच्या वर अपंगत्व असलं की सोबतच्या माणसालाही निम्मं तिकीट आहे.

---

साधना_उचगाव

अपंगांचं अनुदान आता २५०० झालंय ना? मग मामांचाही अर्ज भरून टाका की.

---

पंचगंगाकाठ

साधनाताई, २५०० झालंय हे बरोबर, पण अपंगांसाठीही वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे. मामांची पेन्शन दोन महिन्यांतच त्याच्या पुढे जाते. त्यांच्यासाठी महापालिकेकडे दिव्यांग म्हणून नाव नोंदवणं जास्त उपयोगाचं. पालिकेला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. कुठली मदत चालू आहे ते तिथं विचारा.

---

करवीरकन्या

मावशीला फोन करून पिशवी काढायला लावली. मंजुरीच्या पत्रावर "इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तीवेतन" असं आहे आणि खाली दारिद्र्यरेषेचा क्रमांकही दिलाय. पंचगंगाकाठ, तुमचे खूप आभार, आम्ही सगळे इतकी वर्षं नुसतं निराधार निराधार म्हणत होतो.

पण मग पुढचा पेच. यादी गावची आहे आणि ती येणार शहरात. तो क्रमांक इकडे चालेल?

---

सेतूवाला

मी सेतू केंद्र चालवतो, रोज हेच अर्ज भरतो. क्रमानं सांगतो.

गाव सोडायच्या आधी ग्रामपंचायतीतून दारिद्र्यरेषेचा दाखला ताजा काढून घ्या, वर क्रमांक स्पष्ट दिसला पाहिजे. एकदा माणूस गावातून हलला की त्या दाखल्यासाठी चार वेळा एसटीनं जावं लागतं. मग कागलच्या तहसीलमध्ये संजय गांधी शाखेला अर्ज द्या, की लाभार्थी करवीर तालुक्यात राहायला जात आहे, प्रकरण तिकडे वर्ग करावं. कोल्हापूर शहर करवीर तालुक्यातच येतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायचीच. तो शिक्का नसेल तर पुढे कुठलंही बोलणं टिकत नाही. त्यानंतर आधारवरचा पत्ता बदला. हा क्रम उलटा केलात, म्हणजे आधी आधार बदललं आणि कागदपत्रं कागलला राहिली, तर पडताळणीच्या वेळी माणूस गावात सापडत नाही असा शेरा पडतो आणि अनुदान थांबतं. थांबलेलं चालू करून घेणं नव्या मंजुरीपेक्षा अवघड जातं.

पैसे आता आधारला जोडलेल्या खात्यात थेट येतात. गावच्या बँकेतलं खातं आत्ता लगेच बंद करू नका. करवीरकडून पहिला हप्ता आल्यावर बघा.

करवीरला चौकशीच्या वेळी तलाठी मामांची पेन्शन विचारणार, हे धरूनच चला. लपवू नका. मावशींच्या प्रतिज्ञापत्रात सरळ लिहा : मी विधवा आहे, मला मूल नाही, मला स्वतःचं उत्पन्न नाही, अपंग भावाच्या देखभालीसाठी त्याच्या घरी राहते, भाऊ वेगळ्या कुटुंबाचा आहे, त्याला स्वतःचा मुलगा वारस आहे. दारिद्र्यरेषेचा क्रमांक, काकांचा मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड जोडा. शेवटी मंजुरी समितीची आणि तहसीलदारांची असते. तोंडी "होणार नाही" म्हणाले तर कारण लेखी मागा.

---

भुदरगडचा_पाव्हणा

मी तर म्हणतो कशाला एवढा खटाटोप? आधार गावचंच राहू द्या. वर्षातून एकदा जाऊन हयातीचा दाखला देऊन यायचं.

---

सेतूवाला

पाहुणे, ताईंनी वरच सांगितलंय ते नको म्हणून. आणि तसं करण्यात धोकाही आहे. खोटी माहिती दिली असं निघालं तर अनुदान जातंच, वर वसुली निघू शकते. ५६ वर्षांच्या बाईनं दोन-तीन वर्षांचे पैसे परत कुठून भरायचे? शिवाय पुढे कधी योजना बदलायची वेळ आली, तर सगळी कागदं परत उघडतात.

---

करवीरकन्या

सेतूवाले दादा, मनापासून आभार. रेशनचं राहिलं. मामांचं कार्ड पांढरं आहे. मावशीचं नाव त्यात घालायचं का?

---

सेतूवाला

अजिबात घाई करू नका. पांढऱ्या कार्डात नाव गेलं की पिवळं कार्ड आणि त्यावरचं मोफत ५ किलो धान्य दोन्ही गेलं. पण मला ५ किलोपेक्षा कार्डाची काळजी जास्त आहे. ती वेगळं कुटुंब आहे हे दाखवणारा तोच कागद आहे.

धान्य आता कुठल्याही रेशन दुकानात अंगठा देऊन उचलता येतं, त्यासाठी कार्ड हलवावंच लागतं असं नाही. ई-केवायसी झाली नसेल तर करून घ्या. मात्र एक सांगून ठेवतो. चूल एक असेल तर कार्ड एक, हा पुरवठा विभागाचा मूळ विचार आहे. उद्या कुणी तपासणीला आलं आणि दोघं एकाच स्वयंपाकातलं जेवतात असं दिसलं, तर मोफत धान्य सोडावं लागेल. तेवढी मनाची तयारी ठेवा. ते धान्य गेलं म्हणून विधवा अनुदान आपोआप जात नाही, ती खाती वेगळी आहेत.

---

साधना_उचगाव

लाडकी बहीणचं पण सांगा कुणीतरी. त्यात भावाची पेन्शन धरतात का?

---

पंचगंगाकाठ

त्या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. भाऊ त्यात येत नाही. पण विधवा अनुदानाचे १५०० मिळत असताना तेही घ्यायचे असं चालत नाही. मावशींनी आहे तेच नीट सांभाळावं.

---

अॅड. शाहूपुरी

सगळं अनुदानावर चाललंय म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो. मावशी भाड्याची खोली सोडून येणार. उद्या मामांचं काही बरंवाईट झालं तर ती राहणार कुठे? घर मामांच्या स्वकमाईचं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं ते मुलाकडे जातं. मुलगा पहिल्या वर्गातला वारस, बहीण दुसऱ्या वर्गातली. मुलगा असताना तिला काही मिळत नाही. मुलगा कितीही चांगला असू दे, कागद हवा.

आणि घर मुळात तुमच्या आजोबांच्या नावचं असेल, तर चित्रच वेगळं. मग मावशीचा आणि तुमच्या आईचाही त्यात हिस्सा असू शकतो, हक्कसोड पत्र करून दिलं नसेल तर. सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढून बघा.

---

करवीरकन्या

वकीलसाहेब, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. घर मामांनीच घेतलेलं आहे, नोकरीत असताना. मामेभावाला लगेच फोन केला. तो म्हणाला, "आत्या राहू दे की तिथं आयुष्यभर, माझं काही म्हणणं नाही." तो मनापासून बोलतोय हे मला माहीत आहे. तरी तुम्ही म्हणता तसं लिहून असलेलं बरं. मामांना विचारलं तर ते मृत्युपत्राला तयार आहेत.

---

अॅड. शाहूपुरी

उत्तम. घर मुलालाच द्या, पण मावशीला हयातभर राहण्याचा हक्क आणि कुठली खोली, न्हाणी, स्वयंपाकघर वापरायचं ते स्पष्ट लिहा. दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. मामांच्या डॉक्टरांकडून, ते पूर्ण भानावर असून स्वतःचे निर्णय घेऊ शकतात असं पत्र घेऊन सोबत ठेवा. शुगरच्या पेशंटच्या बाबतीत पुढे नेमकं तिथंच बोट ठेवतात.

---

करवीरकन्या

सगळ्यांचे आभार. ठरलेलं लिहिते, अशाच अडचणीत असलेल्या कुणाला उपयोग होईल.

मावशी सध्या गावीच राहील. आधी ग्रामपंचायतीचा दाखला, मग कागलला अर्ज आणि पोच. ती हातात आली की सामान हलवायचं आणि आधार बदलायचं. रेशन कार्ड स्वतंत्र ठेवायचं, कुणी विचारलं तर खरं सांगायचं. गावातलं बँक खातं चालूच राहील. मृत्युपत्राचं मामेभाऊ पुढच्या महिन्यात येईल तेव्हा त्याच्यासमोरच करायचं, म्हणजे नंतर कुणाच्या मनात काही राहायला नको.

आणि मावशीची अट मामांनी मान्य केलीय. १५०० तिच्याच खात्यात राहणार, घरखर्चाला त्यातला रुपयाही घ्यायचा नाही.

करवीरला प्रकरण वर्ग झालं की नेमकी कुठली कागदं मागितली ते इथंच लिहीन. कुणी अलीकडे कागलहून करवीरला असं प्रकरण आणलं असेल तर किती वेळ लागला तेवढं कृपया सांगा, म्हणजे खोलीच्या मालकाला महिना कळवता येईल.