मदत हवी आहे: पेंट मार्कर कधी भसकन रंग ओकतो, कधी कोरडाठाक. दोष व्हॉल्व्हचा की वापराचा?

भोसरीकर

नमस्कार मंडळी,

पुण्यात भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, गिअरबॉक्सची असेंब्ली करतो. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळणारा पाना) 'टक्' वाजला की बोल्टच्या डोक्यावरून खाली फ्लँजपर्यंत, म्हणजे बोल्ट बसतो त्या कडेपर्यंत, एक पिवळी रेघ मारायची, ही आमच्याकडची पद्धत. पुढे बोल्ट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते, आणि कुठला बोल्ट आवळायचा राहिला तेही लांबूनच कळतं. त्यासाठी ऑइल बेस पेंट मार्कर वापरतो. निब दाबली की रंग उतरतो, तो प्रकार.

माल मुंबईच्या होलसेलरकडून येतो. नवा मार्कर पहिल्यांदा दाबला की रेघ राहते बाजूला, फ्लँजवर चांगला मोठा थेंब पडून ओघळ खाली. उलट अर्धा वापरलेला मार्कर दुपारपर्यंत रुसतो. हलवला की आतली गोळी खडखड वाजते, म्हणजे रंग आहे, पण निब कोरडी. मग पोरं तो टेबलावर आपटतात. आपटला की निब आत रुतते ती रुततेच, आणि सकाळी स्टँड पिवळा झालेला.

कस्टमरच्या इन्स्पेक्टरने थेंब बघून विचारलं, "ही रेघ कुठून कुठे आहे?" उत्तर देता आलं नाही. परचेसवाले म्हणतात ब्रँड बदला. पण एकाच खोक्यातला एक मार्कर गळतो आणि दुसरा सुकतो, तर ब्रँड बदलून काय होणार?

एक बाद झालेला मार्कर हॅक्सॉने कापून बघितला. निबेच्या मागे पांढरी प्लॅस्टिकची दांडी, तिला बारीक स्प्रिंग, दांडीचा एक भाग निमुळता आणि तो बसायला गोल सीट. त्या सीटभोवती पिवळा साका इतका घट्ट जमलेला की नखाने खरवडावा लागला. वरचा रंग मात्र पाण्यासारखा पातळ, फिकट.

हे नेमकं चालतं कसं, आणि पोरांना काय शिकवू?

अक्षय_डी

चांगल्या कंपनीचे घ्या, विषय संपला. स्वस्तातला माल असाच.

शाईवेडा

विषय जवळचा आहे म्हणून लिहितो. फाउंटन पेनात असला व्हॉल्व्ह नसतोच. निबेखालच्या तुकड्याच्या, म्हणजे फीडच्या, बारीक खाचेतून शाई केशाकर्षणाने निबेपर्यंत येते आणि खालच्या पंखांमध्ये जास्तीची शाई मावते. बॉलपेनात तर टोकाची गोळीच फिरता फिरता झाकणाचं काम करते. खरा व्हॉल्व्ह बघायचा तर जपानी आयड्रॉपर पेनं बघा, ज्यांच्या नळीतच थेट शाई भरतात ती. पेनभर एक लांब दांडी असते. मागची घुंडी आवळली की शाईची वाट बंद, लिहायला बसताना घुंडी जराशी सैल करायची. काय सुंदर योजना आहे! अप्पा बळवंत चौकात पेनांच्या काउंटरवर उभा राहिलो की माझा तास कसा जातो कळत नाही.

भोसरीकर

शाईवेडा, वाचायला मजा आली, पण माझ्या पोरांच्या हातात जपानी पेन दिलं तर परचेसवाले मला घरी पाठवतील :)

निवृत्त_टूलरूम

भोसरीकर, कापून बघितलंत हे फार बरं केलंत. तुम्हाला दिसलं त्यातच बरंचसं उत्तर आहे.

रेल्वेच्या डब्यातल्या बेसिनचा नळ आठवा. दाबून धरला तर पाणी, सोडला की बंद. इथेही तेच. निब आत गेली की मागची दांडी सरकते, तिचा निमुळता भाग सीटवरून उठतो आणि त्या फटीतून रंग निबेत उतरतो. हात उचलला की स्प्रिंग दांडीला परत सीटवर बसवते.

आता लोक चुकतात ते इथे. रेघ मारताना व्हॉल्व्ह उघडा असायचं काही कारण नाही. निब धाग्यांची असते, ती रंग शोषून धरते आणि टेकवाल तिथे थोडा थोडा सोडते. व्हॉल्व्ह फक्त ती निब भरण्यापुरता. तुमची मुलं बोल्टवर जोर देऊन रेघ ओढत असणार, म्हणजे पूर्ण रेघभर नळ चालू. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन-तीनदा हलकेच टेकवून निब भिजवायची आणि मग जोर न देता रेघ मारायची. निब फिकी पडली की परत पुठ्ठा. जॉबवर पंपिंग करायचंच नाही, एवढा एक नियम घातलात तरी निम्मे थेंब थांबतील.

दुसरी गोष्ट हवेची. बहुतेक मार्करची नळी सगळीकडून बंद असते. रंग बाहेर गेला तर तेवढी हवा आत यायला हवी, आणि तिला यायला वाट एकच, तीच व्हॉल्व्हची फट. निब सुकलेल्या रंगाने किंवा तेलाने बुजली की हवा आत जात नाही, आत व्हॅक्यूम धरतो आणि रंग असूनही उतरत नाही. दुपारी रुसणारा मार्कर बहुतेक वेळा रिकामा नसतो, त्याचा श्वास कोंडलेला असतो. टोपण लावून नीट हलवा, टोपण काढा, निब छताकडे करा, वर चिंधी धरा आणि एकदा दाबून सोडा. हवा आत गेली की परत चालू.

साक्याबद्दल. पिवळ्या-पांढऱ्या रंगात झाकणशक्तीसाठी सहसा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्याची घनता ४.२ च्या आसपास, आणि झायलीनसारख्या सॉल्व्हंटची ०.८६. म्हणजे ते खाली बसणारच, गोळी त्यासाठीच दिलेली असते. तुमचा स्टँड मार्कर उभे, निब खाली असा धरतो ना? मग रात्रभर सगळा साका सीटवरच बसतो. त्यातला एखादा कण सीट आणि दांडीच्या मध्ये अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि सकाळी स्टँड पिवळा. मार्कर आडवे ठेवा.

आपटणं मात्र आजच बंद करा. निब आत ठोकली जाते आणि दांडी उघड्या अवस्थेत अडकून राहते. रुतलेली निब पकडीने सरळ बाहेर ओढायची, तीही मार्कर उभा, निब वर धरून.

मृण्मयी_आर

काकांनी हवेचं लिहिलंय त्यात भर घालते. नव्या मार्करच्या पहिल्या थेंबाचं कारण मला खंडाळ्याच्या घाटात दिसतंय.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्के कमी. मार्कर समुद्रसपाटीच्या गावात भरून सील झाला असेल, तर त्याच्या आतली हवा अजून तिथल्याच दाबाची असते. ६ टक्के ऐकायला काहीच नाही, पण वातावरणाचा दाब म्हणजे साधारण १० मीटर पाण्याचा स्तंभ. त्याचे ६ टक्के म्हणजे ६० सेंटिमीटर. मार्करमधल्या रंगाची उंची १० सेंटिमीटरही नसते. आतली हवाच रंगाला बाहेर ढकलायला टपलेली असते आणि तुम्ही निब खाली करून तिला दार उघडून देता.

वर तुमची पत्र्याची शेड. बंद नळीतली हवा २५ अंशांवरून ४० अंशांवर गेली की दाब आणखी ५ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे अजून अर्धा मीटर पाणी. एप्रिल-मे महिन्यात तक्रारी जास्त येतात का, ते आठवून बघा.

उपाय काकांनी सांगितला तोच: पहिल्यांदा उघडताना निब वर करून दाबायची. सुकण्यावर आणि ओकण्यावर औषध एकच आहे, कारण दोन्हीकडे गडबड आतल्या-बाहेरच्या दाबाची.

शाईवेडा

म्हणूनच! मुंबईहून येताना खिशातलं आयड्रॉपर घाट चढल्यावर टोपणात शाई सोडतं. पेन अर्धं रिकामं असलं की जास्तच, कारण आत हवा जास्त. पूर्ण भरलेलं पेन निमूट येतं.

भोसरीकर

काका, मृण्मयीताई, मनापासून धन्यवाद. आज नवं खोकं फोडलं. निब वर करून चिंधीत दाबली, आणि खरंच प्रत्येक मार्करमधून 'फुस्स' आवाज आला. त्यानंतर थेंब नाही. पोरांना तो आवाज इतका आवडला की सगळे मार्कर त्यांनीच उघडून ठेवले. आणि हो, तक्रारी उन्हाळ्यातल्याच जास्त आहेत, रजिस्टर काढून बघितलं.

आडवे ठेवायला जुन्या ड्रिल बिटचा ट्रे दिलाय. दोन शंका राहिल्यात. फ्लँजवर कटिंग ऑइल असतं, त्याने निब बुजते का? आणि आधीच गळणारे मार्कर उघडून सीट साफ करावी का?

निवृत्त_टूलरूम

तेल हे निबेचं विषच. कापसाने पुसावं तशी ती बोल्टवरचं तेल पुसून घेते, मग रंगही नीट उतरत नाही आणि हवाही जात नाही. शिवाय तेलावर मारलेली रेघ बोटाने निघते, म्हणजे मार्किंगला अर्थच उरला नाही. आधी फडक्याने जागा कोरडी करायची सवय लावा. बऱ्याच मार्करची निब काढून उलटी बसवता येते, दुसरं टोक ताजं मिळतं. निब काढण्याआधी आतला दाब सोडायला विसरू नका, नाहीतर शर्ट पिवळा.

सीट साफ करत बसू नका. एका मार्करसाठी माणूस थिनरमध्ये हात घालून बसणार, त्याचा तास मार्करपेक्षा महाग, आणि थिनरची वाफ वेगळीच. साका इतका घट्ट झाला असेल तर आत उरलेला रंगही बाईंडर (रंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ) आणि सॉल्व्हंटचं पाणीच आहे, तो झाकणार काय? सरळ टाका. झिंगू नये म्हणून सांगतो, शेडचा एक्झॉस्ट चालू ठेवा.

अक्षय_डी

बरं, ब्रँडबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. बांधकामाच्या साइटवर आमचेही मार्कर डबड्यात निब खालीच असतात. उद्या बघतो.

भोसरीकर

काका, शेवटचं एक. पुढच्या ऑर्डरमध्ये स्टेनलेसचे फ्लँज आहेत. हाच मार्कर चालेल ना?

निवृत्त_टूलरूम

थांबा, डोळे झाकून वापरू नका. स्टेनलेसवर क्लोराइड राहिलं आणि तो भाग पुढे गरम होणार असेल, तर ताणाखाली भेगा पडायची भीती असते. म्हणून अशा कामाला क्लोरीन आणि बाकी हॅलोजन (क्लोरीनच्याच जातीची मूलद्रव्यं) कमी असलेले मार्कर वेगळे मिळतात. सप्लायरकडे त्या बॅचचं सर्टिफिकेट मागा आणि कस्टमरच्या ड्रॉइंगवर मार्किंगची अट लिहिली आहे का, ते आधी वाचा. व्हॉल्व्ह तोच असतो, तेव्हा पुठ्ठा, चिंधी आणि आडवा ट्रे तिथेही लागणार.